घरासाठी जनरेटर निवडताना: यंत्र सगळ्यात शेवटी, आधी ही कामं

जनरेटर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती केव्हीएचा घेऊ?” केव्हीए म्हणजे यंत्राच्या क्षमतेचं माप. प्रश्न बरोबर आहे, पण तो चौथ्या पायरीवरचा आहे. आधीच्या तीन पायऱ्या गाळून तो विचारला की उत्तर अंदाजानं मिळतं, आणि अंदाज चुकला की एक तर यंत्र पुरत नाही किंवा दुप्पट मोठं यंत्र रिकामं इंधन पीत बसतं.

मी स्वतः पहिला जनरेटर असाच घेतला होता. घरातल्या उपकरणांच्या वॅटची बेरीज केली, ती अठराशेच्या आसपास भरली. वर थोडी जागा हवी म्हणून अडीच हजार वॅटचं यंत्र आणलं. दिवे लागले, पंखे फिरले, सगळे खूश. मग पंपाचं बटण दाबलं. इंजिनाचा आवाज एकदम जड झाला, दिवे पिवळे पडले, पंप नुसता घुंऽऽ करत राहिला आणि काही सेकंदांत ब्रेकर पडला. बेरजेत चूक नव्हती, बेरजेला घेतलेले आकडेच चुकीचे होते.

म्हणून खालचा क्रम बदलू नका. दुकानाची पायरी त्यात फार उशिरा येते, आणि ती तशीच यायला हवी.

१. आधी वही: वीज कधी जाते आणि तेव्हा काय अडतं

महिनाभर एक काम करा. वीज गेली की वेळ लिहा, आली की वेळ लिहा. शेजारी लिहा की त्या वेळात नेमकं काय अडलं: पाणी चढलं नाही, फ्रिजमधलं खराब झालं, रात्री पंखा नव्हता, ऑनलाइन काम थांबलं. महिन्याच्या शेवटी दोन आकडे हाती येतात. नेहमीचा खंड किती तासांचा, आणि सगळ्यात लांबला तो किती.

नेहमीचा खंड दोन-तीन तासांचा असेल आणि अडतात ते फक्त दिवे, पंखे, राउटर, तर जनरेटर घेऊच नका. १५० अँपिअर-तासांची नवी लेड-अॅसिड बॅटरी ३०० वॅटचा लोड साधारण तीन ते चार तास ओढते. तिला आवाज नाही, धूर नाही. जनरेटर लागतो तो खंड त्याहून लांब असेल तेव्हा, किंवा मोटरवर चालणारं काही थांबून चालणार नसेल तेव्हा. बऱ्याच घरांना खरं तर दोन्ही मिळून सोयीचं पडतं: रात्री बॅटरी, आणि दिवसा दोन-तीन तास जनरेटर, त्यात पाणीही चढतं आणि बॅटरीही भरते.

आता उपकरणांच्या तीन याद्या करा. एक, थांबून चालणार नाही अशी. दोन, दोन-चार तास थांबता येईल अशी. तीन, जनरेटरवर कधीच लावायची नाहीत अशी. तिसऱ्या यादीत उष्णता निर्माण करणारी सगळी उपकरणं घाला: गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, रूम हीटर. एकटा गिझर २००० वॅट खातो. त्याच्यासाठी यंत्राचा आकार वाढवणं म्हणजे निव्वळ इंधन जाळणं.

थांबा: घरात कुणी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर किंवा अशाच एखाद्या यंत्रावर असेल तर एकट्या जनरेटरच्या भरवशावर राहू नका. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो आणि कधीतरी तो सुरू होतही नाही. मधल्या वेळेसाठी यूपीएस आणि वीज न लागणारा पर्याय, म्हणजे ऑक्सिजन सिलिंडर, हाताशी हवाच. किती वेळ पुरेल एवढा ठेवायचा, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

२. लोड मोजा: चालतानाचा वेगळा, सुरू होतानाचा वेगळा

माझी चूक इथे झाली होती. मोटर असलेल्या प्रत्येक उपकरणाचे दोन आकडे असतात. थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढू शकते, कारण फिरणाऱ्या मोटरमध्ये विजेचा जो उलटा दाब तयार होऊन करंट अडवतो, तो उभ्या मोटरमध्ये नसतो. मोटर फिरायला लागली की आकडा खाली येतो. विजेच्या लाइनला हा धक्का जाणवतही नाही. छोटं इंजिन मात्र त्याखाली दबतं.

घरातले साधारण आकडे असे असतात:

- एलईडी दिवा: ९ वॅट
- साधा छताचा पंखा: ७० ते ७५ वॅट, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास
- राउटर: १० ते १५ वॅट
- टीव्ही: ६० ते १२० वॅट
- फ्रिज: चालताना १०० ते २०० वॅट, कॉम्प्रेसर सुरू होताना ६०० ते १२००
- १ एचपी पंप: चालताना १००० ते १२०० वॅट, सुरू होताना ३००० च्या वर
- दीड टनाचा साधा एसी: चालताना १५०० ते १८०० वॅट, सुरू होताना निदान तिप्पट

इन्व्हर्टर एसी आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज हळूहळू वेग घेतात, त्यामुळे त्यांचा धक्का फारच कमी. नवा फ्रिज घ्यायचाच असेल तर तो जनरेटरच्या आधी घ्या, पुढचा हिशेब हलका होतो.

हे आकडे फक्त अंदाजाला. स्वतःच्या घरचे आकडे उपकरणाच्या पाटीवरून घ्या, आणि पंप, फ्रिज, एसी या तिघांचे तरी क्लॅम्प मीटरनं मोजून घ्या. इलेक्ट्रिशियनकडे तो असतो. मीटरचा चिमटा एकाच वायरभोवती लावायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना खोडतो आणि मीटर शून्य दाखवतो. सुरुवातीचा धक्का पकडायला मीटरवर ‘इनरश’ची सोय लागते, साध्या मीटरचा आकडा वर जाईपर्यंत धक्का ओसरलेला असतो. माझ्या पंपाच्या वायरीवर चिमटा लावून बटण दाबलं तेव्हा आकडा २९ वर उडाला आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ५.६ अँपिअरवर स्थिरावला. तो २९ पाहिल्यावर मला अडीच हजार वॅटचं यंत्र का दबलं ते कळलं.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट असं धरून चालणं. ७४६ वॅट ही मोटर बाहेर देते ती ताकद, त्यासाठी ती आत ओढते हजाराच्या वर. दुसरी चूक मायक्रोवेव्हची. त्याच्यावर ठळक लिहिलेले ८०० वॅट आतल्या पदार्थाला मिळतात, प्लगमधून तो १२०० ते १३०० खेचतो.

३. हिशेब मांडा: सगळ्यांचे धक्के एकत्र धरू नका

नियम सोपा आहे. एकाच वेळी चालणार असलेल्या सगळ्या उपकरणांचे चालतानाचे वॅट एकत्र करा. त्यात ज्याचा सुरुवातीचा जादा धक्का सर्वांत मोठा, त्या एकाच उपकरणाचा तो जादा भाग मिळवा. सगळ्या मोटरी नेमक्या एकाच क्षणी सुरू होत नाहीत, आणि तुम्ही क्रमानं सुरू केल्यात तर तसं होऊही देत नाही.

एक घर घेऊ. ८ दिवे ७२ वॅट, ४ पंखे ३००, फ्रिज १५०, टीव्ही ९०, राउटर १२, लॅपटॉप आणि फोन १००. एकूण ७२४ वॅट. शिवाय १ एचपीचा पंप, चालताना ११००, सुरू होताना ३३००.

पंपासह: ७२४ + ११०० + जादा धक्का २२०० = ४०२४ वॅट.

पंपाशिवाय: सर्वांत मोठा धक्का आता फ्रिजचा. तो सुरू होताना ९०० धरला तर जादा भाग ७५०. म्हणजे ७२४ + ७५० = १४७४ वॅट.

पंपासह चार किलोवॅटच्या वरचं यंत्र लागतं, पंपाशिवाय दोन किलोवॅटचं पुरतं. दिवसातून वीस मिनिटं चालणाऱ्या पंपानं यंत्राचा आकार दुप्पट केला. आणि उरलेले सगळे तास ते मोठं यंत्र ७२४ वॅटवर, म्हणजे क्षमतेच्या अठरा टक्क्यांवर रडतखडत चालणार. डिझेल इंजिनाला हे सोसत नाही. तीस टक्क्यांच्या खाली बराच वेळ चालवलं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, अर्धवट जळलेलं इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते, काळा चिकट द्रव गळायला लागतो. पेट्रोल यंत्राचं एवढं नुकसान होत नाही, पण जवळपास रिकामं चालतानाही ते इंधन बऱ्यापैकी पितंच. चालतानाचा लोड क्षमतेच्या ५० ते ७५ टक्क्यांत राहिला तर इंजिन सुखात राहतं.

म्हणून यंत्र मोठं करण्याआधी पंपाचं काय करता येईल ते बघा. वीज असतानाच भरून ठेवता येईल अशी मोठी टाकी बसवणं हा मला सगळ्यांत पटणारा उपाय आहे. टाकीला देखभाल जवळपास नाही आणि ती कधी बंद पडत नाही. ते शक्य नसेल तर पंप नेहमी एकटा चालवायचा: बाकी सगळं बंद करून पंप सुरू करायचा, तो स्थिर झाला की दिवे-पंखे लावायचे. वरच्या घरात असं केलं तर ४०२४ ऐवजी ३३०० वॅट पुरतात.

तपासा: कागदावर आता तीन गोष्टी असायला हव्यात: चालतानाचा एकूण लोड, सर्वांत मोठा धक्का धरून लागणारा लोड, आणि तो धक्का कोणत्या उपकरणाचा. तिसरी गोष्ट लिहिली नसेल तर मागे जा.

४. आता केव्हीए

पाटीवर केव्हीए लिहिलेलं असतं, तुमचा हिशेब वॅटमध्ये आहे. मधला दुवा पॉवर फॅक्टरचा, म्हणजे केव्हीएतला किती भाग वॅट म्हणून प्रत्यक्ष वापरता येतो त्या प्रमाणाचा. ५ केव्हीए आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर मिळतात ४ किलोवॅट. काही छोट्या सिंगल फेज यंत्रांवर पॉवर फॅक्टर १ लिहिलेला असतो, तिथे केव्हीए आणि किलोवॅट एकच. दुकानदाराला किलोवॅट विचारा, म्हणजे घोळ होत नाही.

शिवाय दोन क्षमता छापलेल्या असतात, ‘कमाल’ आणि ‘रेटेड’. खोक्यावर मोठ्या अक्षरात असते ती कमाल, आणि ती थोड्या वेळापुरतीच मिळते. हिशेब रेटेडशी, म्हणजे सतत मिळणाऱ्या क्षमतेशी जुळवा.

मोठा घोटाळा थ्री फेजमध्ये होतो. १५ केव्हीएचा थ्री फेज जनरेटर म्हणजे प्रत्येक फेजवर ५ केव्हीए. एका फेजवर एसी, पंप, फ्रिज तिन्ही आले तर त्या फेजला पाचच मिळणार, बाकीचे दहा नुसते बसून. घरात थ्री फेजची मोटर नसेल तर महत्त्वाचा सगळा लोड एका फेजवर आणून सिंगल फेज यंत्र घेणं बहुतेक वेळा सोपं पडतं.

उंचीवर राहत असाल तर आणखी एक वजावट करा. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे तीन ते साडेतीन टक्क्यांनी घटते. १५०० मीटरवर चार किलोवॅटचं यंत्र साडेतीनच्याही खाली येतं. कडक उन्हाळ्यातही थोडी घट होते.

५. जागा: इथे तडजोड नाही

हा भाग दोनदा वाचा. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतानाच शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही सुरुवात, आणि घरातल्या अनेकांना एकदम व्हायला लागलं तर दुसरं कारण शोधत बसू नका.

यंत्र उघड्यावर, कुठल्याही दार-खिडकीपासून निदान ६ मीटर लांब, आणि सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. बाल्कनी नाही. जिना नाही. अर्धं शटर उघडं ठेवलेलं गॅरेज नाही. गच्चीवरची बंद खोली नाही. पंखा लावून धूर बाहेर काढू असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना हात जोडून सांगतो की हे करू नका. पंखा वायू पुरेसा बाहेर काढू शकत नाही. शेजाऱ्यांच्या खिडक्याही मोजा, धूर कुंपण ओळखत नाही.

झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा, बॅटरीवर चालणारा. तो वाजला किंवा कुणाला गरगरलं तर आधी सगळे उघड्या हवेत, मग आपत्कालीन सेवेला फोन. यंत्र बंद करायला पुन्हा आत धावू नका.

थांबा: सहा मीटरची उघडी जागा मिळतच नसेल तर जनरेटरचा विचार इथेच सोडा आणि तेच पैसे मोठ्या बॅटरीत घाला. यातून दुसरी वाट नाही.

जागा मिळाली तर आता पाऊस. यंत्र ओलं होता कामा नये, पण त्याला चारी बाजूंनी कोंडायचंही नाही. वर छप्पर आणि बाजू उघड्या, जमिनीपासून वीतभर उंच सपाट काँक्रीटचा ओटा, पायांखाली रबर. चारही बाजूंनी मीटरभर मोकळी जागा, नाहीतर ऑइल बदलताना हात जात नाही.

आवाजाचे आकडे तोलताना ते किती अंतरावरून मोजलेत ते वाचा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. त्यामुळे तेच यंत्र ७ मीटरवर मोजलं तर १ मीटरपेक्षा सुमारे १७ डेसिबलनं शांत दिसतं. एकाचा आकडा सात मीटरचा आणि दुसऱ्याचा एक मीटरचा असेल तर ती तुलनाच होत नाही.

तपासा: टेप घेऊन ओट्यापासून मीटर बोर्डापर्यंतचं अंतर मोजून लिहा. पुढच्या पायरीत लागेल.

६. जोडणी: यंत्र येण्याआधी पूर्ण व्हायला हवी

बहुतेक जण यंत्र आणतात, मग इलेक्ट्रिशियन शोधतात. मधल्या चार दिवसांत वीज जाते, आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसली जाते. हे कधीही करू नका. एक तर त्या वायरच्या उघड्या पिना जिवंत असतात. दुसरं, जनरेटरची वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते. बाहेरचा ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो, तुमच्या २३० व्होल्टचे तो पलीकडे हजारो व्होल्ट करतो. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जातो. “मी मेन स्विच बंद करतो” हा उपाय नाही, कारण एका रात्री कुणीतरी तो बंद करायला विसरतं.

उपाय एकच, चेंजओव्हर स्विच. त्याची एक बाजू मेन, दुसरी जनरेटर, मध्ये ऑफ. रचनाच अशी की दोन्ही बाजू एकत्र जोडल्या जाऊच शकत नाहीत. सिंगल फेजला दोन पोलचा, थ्री फेजला चार पोलचा घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही बदलतो. त्याच्या पुढे पहिल्या यादीतल्या उपकरणांचा वेगळा छोटा बोर्ड करून घ्या. गिझरची लाइन त्या बोर्डात नसेल तर तो चुकून चालू राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

अर्थिंगबद्दल इलेक्ट्रिशियनशी नीट बोला. अनेक छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. अशा यंत्रावर फेज उपकरणाच्या बॉडीला लागला तर करंटला परत जायला वाटच नसते, म्हणून आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडत नाही. फसवं असं, की आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं तर तो तरीही पडतो, कारण ते बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच काम करतं. त्यामुळे बटणावर विश्वास ठेवून गप्प बसू नका. यंत्राच्या पुस्तिकेत न्यूट्रलबद्दल काय लिहिलंय ते इलेक्ट्रिशियनला दाखवा, अर्थ-न्यूट्रल जोड लागत असेल तर तो एकाच जागी, जनरेटरच्या बाजूला करून घ्या, आणि आरसीसीबी टेस्टरनं खरी चाचणी करायला सांगा. यंत्राच्या बॉडीला स्वतःची अर्थिंग हवी.

वायरचं गणित छोटं आहे. ५ केव्हीए म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे २२ अँपिअर. वीसएक मीटरपर्यंत तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर चालते, त्यापुढे ६ ची घ्या. तात्पुरतं एक्स्टेन्शन वापरणार असाल तर ते रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतून तापते आणि वितळते.

घरात आणखी दोन गोष्टी असतील तर आत्ताच सांगून ठेवा. गच्चीवर ग्रिडला जोडलेलं सोलर असेल तर त्याचा इन्व्हर्टर जनरेटरच्या बाजूला येता कामा नये, नाहीतर जनरेटरलाच लाइन समजून तो त्यात वीज ढकलू लागतो. आणि बॅटरी इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नसेल तर यंत्राला दोष देण्याआधी त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवरून नॉर्मलवर करून बघा. यूपीएस मोड व्होल्टेजच्या बाबतीत फार चोखंदळ असतो.

७. इंधन

वर्षातून चार-पाच वेळा, काही तासांसाठी: पेट्रोल. यंत्र हलकं, सुरू करायला सोपं. पण पेट्रोल साठवून ठेवता येत नाही. काही महिन्यांत ते शिळं होतं, इथेनॉल मिसळलेलं असेल तर हवेतली ओलही ओढतं, आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रं चिकटतात. अडगळीत पडलेला जनरेटर सुरू होत नसेल तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्या.

रोज, अनेक तास, ५ केव्हीएच्या वर: डिझेल. इंजिन टिकाऊ, दर युनिटला इंधन कमी, पण आवाज आणि वजन जास्त, आणि कमी लोड त्याला मानवत नाही हे वर आलंच आहे.

गॅस शिळा होत नाही ही त्याची मोठी जमेची बाजू. एलपीजीवर ताकद पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी मिळते, पाइपच्या गॅसवर आणखी कमी, तेवढी वजावट हिशेबात धरा. गॅसचं किट कंपनीनं बसवलेलंच हवं, बाहेरून जोडलेलं नको.

साठा किती लागेल? छोटं पेट्रोल यंत्र एका युनिटला अर्धा ते पाऊण लिटर पितं. वरच्या घराचे ७२४ वॅट सहा तास चालवले तर सव्वाचार युनिटच्या थोडं वर जातात, म्हणजे साधारण अडीच ते तीन लिटर. यंत्र गरजेपेक्षा मोठं असेल तर हा आकडा बराच वर जातो. कॅन घराबाहेर, सावलीत, झाकण घट्ट.

८. आता यंत्राचा प्रकार

इथवर आलात की निवड आपोआप अरुंद झालेली असते.

इन्व्हर्टर जनरेटर हा बॅटरी इन्व्हर्टरपेक्षा वेगळा प्रकार आहे, नावानं फसू नका. तो आधी वीज तयार करून इलेक्ट्रॉनिक्समधून स्वच्छ करून देतो आणि लोडप्रमाणे इंजिनाचा वेग कमी-जास्त करतो. शांत, इंधन कमी, नाजूक उपकरणांना उत्तम. पण पंपासारखा मोठा धक्का आला की त्याचं इलेक्ट्रॉनिक्स लगेच हात वर करतं. पंप यादीत नसेल तर माझी पसंती यालाच.

पंप किंवा साधा एसी चालवायचा असेल तर तांब्याच्या वाइंडिंगचा आणि एव्हीआर असलेला साधा जनरेटर बरा. एव्हीआर लोड बदलला तरी व्होल्टेज धरून ठेवतो. तो नसलेलं स्वस्त यंत्र टीव्ही आणि फ्रिजच्या बोर्डाला महागात पडतं.

इंजिनाचा वेग विचारा. ५० हर्ट्झसाठी छोटी यंत्रं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी धावतात, जड यंत्रं १५०० नं. दुसरी जास्त टिकतात आणि कमी कर्कश असतात. रोज चार-सहा तास लागणार असेल तर १५०० वालंच घ्या आणि ‘प्राइम’ क्षमता, म्हणजे रोजच्या लांब वापरासाठीची, बघा, ‘स्टँडबाय’ नव्हे. स्टँडबाय क्षमता अधूनमधूनच्या वापरासाठी सांगितलेली असते, तिच्यावर वाढीव लोडची सवलत नसते.

आपोआप सुरू होणारं पॅनेल वयस्कर माणसं एकटी असलेल्या घरात खरंच उपयोगी. बाकीच्यांनी दोरी ओढून आणि बटणानं अशा दोन्ही प्रकारे सुरू होणारं यंत्र घ्यावं. सेल्फ स्टार्टची बॅटरी नेमकी गरजेच्या रात्री उतरलेली असते.

९. ताब्यात घेताना चाचणी

आधी ऑइल. अनेक नवी यंत्रं ऑइलशिवाय येतात. दोरी ओढण्याआधी यंत्र सपाट जागी ठेवून ऑइलची काडी स्वतः बघा. कोरडं इंजिन काही मिनिटांत जाम होतं.

मग यंत्रावर लोड टाका. दुकानात एक बल्ब लावून दाखवतात, त्याला चाचणी म्हणत नाहीत. दोन रूम हीटर सोबत न्या, त्यांनी सरळ, मोजता येणारा लोड मिळतो. साधा ५० हर्ट्झचा जनरेटर रिकामा असताना ५२ हर्ट्झच्या आसपास आणि पूर्ण लोडला ५० च्या जवळ यायला हवा. व्होल्टेज दोन्ही वेळा २२० ते २४० मध्ये. पूर्ण लोडवर वीस मिनिटं चालू द्या. काळा धूर, गळती, लोड काढताच वेग बराच वेळ वर-खाली होत राहणं, यातलं काहीही दिसलं तर यंत्र घेऊ नका.

शेवटी विचारा: एअर फिल्टर, स्पार्क प्लग, दोरी आत्ता दुकानात आहेत का, आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांत येतो. गोलमोल उत्तर मिळालं तर दुसरं यंत्र बघा.

१०. पहिली रात्र येण्याआधी

ऑइल पहिल्या २० तासांनंतर बदला, नव्या इंजिनातून धातूचा बारीक चुरा निघतो. पुढे पुस्तिकेत दिलेल्या तासांनी, छोट्या यंत्रांना सहसा ५० ते १०० तासांनी. महिन्यातून एकदा वीस मिनिटं अर्ध्या लोडवर चालवा, रिकामं नव्हे. पेट्रोल यंत्र महिनोन् महिने पडून राहणार असेल तर इंधनाचा कॉक बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. इंधन भरताना यंत्र बंद आणि थंड. गरम सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल पेटतं.

मग एका संध्याकाळी मेन स्विच स्वतः बंद करा आणि यंत्राशी कधी संबंध न आलेल्या घरच्या माणसाला सगळं करू द्या. तुम्ही फक्त बघा. कुठे अडतं ते लिहून घ्या आणि त्यावरून एक कागद करून चेंजओव्हरच्या वर चिकटवा. आमच्याकडचा असा आहे:

बोर्डावरचा सगळा लोड बंद. यंत्र सुरू, दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्या. चेंजओव्हर जनरेटरवर. आधी पंप, मग फ्रिज, मग पंखे-दिवे, प्रत्येकात थोडं थांबून. वीज आली की बोर्डावरचा लोड बंद, चेंजओव्हर मधोमध ऑफवर, पाच मिनिटं थांबून वीज टिकते का बघा, मग मेनवर. त्यानंतर जनरेटर दोन-तीन मिनिटं रिकामा चालवून बंद, आणि कॉक बंद.